वेगळेपणाचा दाखला

परदेशातील नामांकित व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेश-अर्जात पदवीचे गुण, ‘जीमॅट’ परीक्षेचा निकाल, नोकरीचा तपशील आणि वरिष्ठांची शिफारसपत्रे यांच्या जोडीला एक रिकामी चौकट असते. तिच्यात अर्जदाराने स्वतःविषयी काही शे शब्दांचा निबंध लिहावयाचा असतो. तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काय आणि ते का, असा प्रश्न स्टॅनफर्डची व्यवस्थापन शाखा कित्येक वर्षे विचारीत आली आहे. तुमच्या सहाध्यायांना तुमच्यापासून काय लाभेल, असे आणखी कोणी विचारते. शब्द बदलले तरी पृच्छा एकच असते : एवढ्या हजारो अर्जदारांत तुम्ही नेमके कोण? गणिताच्या प्रश्नपत्रिकेपुढे न डगमगणारी मुले या चौकटीपाशी येऊन थांबतात.

जबलपूरच्या एखाद्या मराठी घरातील मुलाचे उदाहरण कल्पून पाहावे. वडील तोफगाडी कारखान्यात नोकरीला, आई शाळेत शिक्षिका. मुलगा अभियांत्रिकीची पदवी घेऊन चार वर्षे बंगळूरच्या किंवा पुण्याच्या संगणक कंपनीत काम करतो आहे. परदेशातील दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा एकूण खर्च आज सहज कोटी रुपयांच्या पुढे जातो. त्यासाठी रांझीतील किंवा राइट टाउनमधील राहते घर बँकेकडे तारण ठेवण्याची तयारी वडिलांनी केलेली आहे. अशा वेळी मुलगा निबंधाला बसतो आणि त्याला प्रामाणिकपणे वाटते, की आपल्यात वेगळे असे काहीच नाही. भारतीय, पुरुष, अभियंता, संगणक क्षेत्र या चार शब्दांत बसणारे असंख्य अर्ज त्या संस्थेकडे दरवर्षी येतात, हे त्याला ठाऊक असते. मग तो वेगळेपण बाहेरून आणावयास निघतो. एखाद्या सेवाभावी संस्थेत दोन शनिवार, हिमालयातील एक पदभ्रमण, झोपडपट्टीतील मुलांसमवेत एक छायाचित्र. घर खरोखरीचे तारण ठेवलेले आणि निबंध मात्र उसनवारीचा, असा हा विचित्र व्यवहार आहे.

या संस्था असा प्रश्न विचारतात तरी का, हे आधी समजून घेतले पाहिजे. १९०८ साली स्थापन झालेल्या हार्वर्डच्या व्यवस्थापन शाखेत प्राध्यापक व्याख्यान देत नाहीत म्हटले तरी चालेल. एखाद्या उद्योगापुढील खरीखुरी अडचण कागदावर मांडलेली असते, ती वाचून नव्वदएक विद्यार्थी वर्गात येतात आणि प्रत्येकाने आपापल्या अनुभवाच्या आधारे बोलावयाचे असते. कामगार संघटनेशी वाटाघाटी केलेला एक, रुग्णालयाचे हिशेब पाहिलेली दुसरी, सैन्यातून आलेला तिसरा, असे लोक त्या वर्गात असले तरच चर्चेला काही अर्थ. सर्वांचा अनुभव एकाच साच्याचा असेल तर ती पाच मिनिटांत आटोपते. याच शाखेच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे दार स्त्रियांना पहिल्या वर्षापासून उघडले ते १९६३ मध्ये. तोवर अर्ध्या जगाचा अनुभव त्या वर्गाबाहेरच राहिला होता. तेव्हा विविधतेच्या या मागणीत केवळ औदार्य पाहणे भाबडेपणाचे होईल. कच्चा माल चांगला हवा, असा हा सरळ विचार आहे, आणि एका अर्थी तो अर्जदाराच्या सोयीचाही आहे.

अमेरिकेत ‘विविधता’ या शब्दाला आणखी एक इतिहास आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या ‘बाकी’ खटल्यात ठराविक जागा राखून ठेवणे अमान्य केले. पण विद्यार्थिवर्गात विविधता असावी हा हेतू मान्य केला. २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या विधी शाखेच्या प्रकरणात हाच विचार पुन्हा उचलून धरला गेला. पुढे जून २०२३ मध्ये हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांविरुद्धच्या खटल्यांत न्यायालयाने वंशाधारित प्रवेशपद्धती घटनाबाह्य ठरवली. मात्र सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी बहुमताच्या निकालपत्रात एक वाट मोकळी ठेवली. आपल्या वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने लिहिले तर संस्था ते विचारात घेऊ शकते. परंतु त्या अनुभवाचा त्याच्या धैर्याशी, निश्चयाशी किंवा त्याने कमावलेल्या एखाद्या क्षमतेशी संबंध दिसला पाहिजे. या निकालाविषयी तेथे तीव्र मतभेद आहेत आणि ते स्वाभाविकही आहेत. निबंध लिहिणाऱ्यासाठी मात्र त्यातून एक उपयुक्त भेद हाती लागतो. जन्माने मिळालेली ओळख ही एक गोष्ट आणि त्या ओळखीमुळे माणसाने काय केले, काय शिकले, ही दुसरी. निबंधाला दुसरी हवी असते. बहुतेक अर्जदार पहिलीच लिहून थांबतात.

‘मध्य प्रदेशातील मराठी भाषक’ ही अशीच पहिल्या प्रकारची ओळख. नुसती लिहिली तर ती जनगणनेच्या तक्त्यातील एक रकाना होते. तिच्यामागे काय आहे हे मात्र पाहण्यासारखे आहे. जबलपूर अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांकडे आले आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती गेले. पुढे १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला तेव्हा त्याची राजधानी नागपूरला होती, म्हणजे जबलपूर आणि नागपूर जवळजवळ शंभर वर्षे एकाच प्रांतात नांदली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली आणि उच्च न्यायालय जबलपूरला आले. एका रेघेमुळे कित्येक कुटुंबांचे माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात गेले. तेव्हापासून जबलपूरचे मराठी माणूस घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि कचेरीत इंग्रजी अशा तीन भाषांत दिवस काढते. नागपूर-जबलपूरकडच्या बोलण्यात ‘करून राहिलो’ असा प्रयोग येतो आणि पुण्याचे पाहुणे त्यावर हसतात. हसणाऱ्यांना हे कळत नाही, की त्या एका क्रियापदात दोन भाषांचा शेजार सामावलेला आहे.

या शेजारातून काय निर्माण होऊ शकते याचे उत्तम उदाहरण म्हणजे माधवराव सप्रे. १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे जन्मलेल्या या मराठी गृहस्थाने १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ त्यांनी हिंदीत नेले. चिंतामणराव वैद्यांच्या महाभारतविषयक लेखनाचाही त्यांनी अनुवाद केला. १९२० मध्ये जबलपूरहून ‘कर्मवीर’ हे साप्ताहिक सुरू झाले आणि त्याचे संपादकपद माखनलाल चतुर्वेदी यांच्याकडे आले, त्या उभारणीतही सप्रे यांचा हात होता. आधुनिक हिंदी गद्याच्या घडणीत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. महाराष्ट्रात मात्र ते फारसे कोणास ठाऊक नसते. मुक्तिबोध बंधूंची कथा याहूनही बोलकी आहे. थोरले गजानन माधव हे हिंदी नवकवितेचे मोठे नाव; काही काळ त्यांचे वास्तव्य जबलपुरातही होते. धाकटे शरच्चंद्र मराठीतील मान्यवर कवी आणि कादंबरीकार. एकाच आईच्या दोन मुलांनी दोन भाषांची साहित्ये समृद्ध करावीत, हे सीमेवरच्या घरातच घडू शकते.

अर्थात सप्रे आणि मुक्तिबोध यांची नावे निबंधात घातल्याने कोणाला प्रवेश मिळणार नाही. गावच्या थोरांचे पुण्य अर्जदाराच्या खात्यात जमा होत नसते. पण त्यांच्याकडे पाहून अर्जदाराला आपल्याच घरातील एक गोष्ट नव्याने दिसू शकते. एका बाजूचे म्हणणे दुसऱ्या बाजूला तिच्या भाषेत समजावून सांगणे हे काम तो लहानपणापासून करीत आला आहे. आजीला डॉक्टरांचे हिंदी, शेजाऱ्यांना आजीचे मराठी. बंगळूरच्या कंपनीत ग्राहक आणि प्रोग्रामर यांच्यातील गैरसमज निस्तरण्यासाठी वरिष्ठ वारंवार त्यालाच का बोलावतात, याचे मूळ कदाचित तेथे असेल. असे एखादे खरे प्रकरण असेल आणि त्यात कोण काय म्हणाले, कोणाचे कशावर अडले, शेवटी काय ठरले हे तो लिहू शकला, तर ती चौकट आपोआप भरते.

जबलपूरच्या मुलापाशी याहून मोठा ऐवजही असू शकतो. या शहरातील तोफगाडी कारखाना १९०४ पासूनचा. खमरियाचा दारूगोळा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, आणि वाहन कारखाना १९६९ चा. ‘शक्तिमान’ ट्रक ज्यांच्या स्मरणात आहे त्यांना तो वेगळा सांगावयास नको. या कारखान्यांनी शहराला तीन-तीन पिढ्यांची नोकरी दिली, वसाहती दिल्या, शाळा दिल्या. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन देशातील ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. तोफगाडी कारखाना कानपूरला मुख्यालय असलेल्या अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीकडे गेला, वाहन कारखाना चेन्नईजवळच्या आवडी येथील आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे, आणि खमरियाचा कारखाना पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे. एका गावातील तीन शेजारी तीन दिशांच्या तीन मालकांचे झाले. कर्मचारी प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानले गेले. संघटनांचा विरोध होता. संपावर बंदी घालणारा कायदाही त्याच वर्षी आला.

ज्याच्या वडिलांनी सरकारी कर्मचारी म्हणून तीस वर्षे काढली आणि एका सकाळी ज्यांचा कारखाना कंपनी झाला, त्या मुलाने रात्रीच्या जेवणाच्या वेळी घरात काय काय ऐकले असेल! निवृत्तिवेतनाचे काय, वसाहतीतील घराचे काय, नव्या कंपनीला मागण्या मिळाल्या नाहीत तर काय. रिछाईच्या औद्योगिक क्षेत्रात कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या एखाद्या छोट्या कार्यशाळेच्या मालकाची चिंता त्याने कदाचित शेजारीच पाहिली असेल. शासकीय उद्योगाचे कंपनीत रूपांतर हा विषय व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात पुस्तकातून शिकवला जातो. हा मुलगा तो जेवणाच्या ताटावर शिकला. बोस्टनच्या किंवा हैदराबादच्या वर्गात सुधारणेच्या बाजूने आकडे मांडणारे पुष्कळ भेटतील. ज्याच्या घरी त्या सुधारणेची परिपत्रके आली, असा क्वचितच एखादा. आणि तरीही हाच मुलगा निबंधाच्या पहिल्या ओळीत हिमालयातील पदभ्रमण लिहितो! वडिलांच्या कारखान्याची गोष्ट त्याला लिहिण्याजोगी वाटत नाही, कारण वसाहतीतील प्रत्येक घरात ती घडलेली आहे. जे सर्वांकडे आहे ते वेगळे कसे, असा त्याचा तर्क असतो. पण वसाहतीत सर्वांकडे असलेली गोष्ट वसाहतीबाहेर कोणाकडेच नसते.

तिच्याविषयी लिहिण्याचेही दोन प्रकार संभवतात. ‘संरक्षण क्षेत्रातील परिवर्तन मी जवळून अनुभवले आणि बदलाला सामोरे जाण्याची दृष्टी मला लाभली’ असे वाक्य कोणीही, कोठेही बसून लिहू शकतो. त्याऐवजी वडिलांनी कोणत्या कागदावर सही करण्यास का टाळाटाळ केली, मुलाने त्यांना काय समजावले, त्यात त्याचे कोठे चुकले आणि नंतर स्वतःच्या कंपनीत दोन विभाग एकत्र झाले तेव्हा त्याने काय निराळे केले, हे लिहिले तर वाचणाऱ्यापुढे माणूस उभा राहतो. हे घडलेले नसेल तर लिहू नये, हे ओघानेच आले.

येथे सल्लागारांच्या धंद्याविषयी बोलणे भाग आहे. प्रवेश-निबंध ‘घडवून’ देणाऱ्या संस्था आता मोठ्या शहरांपुरत्या उरलेल्या नाहीत, दूरध्वनीवरून त्या जबलपूरलाही पोचतात. चांगला सल्लागार प्रश्न विचारतो आणि मुलाकडून उत्तर काढून घेतो. त्याचा मोबदला योग्यच म्हटला पाहिजे. पुष्कळसे मात्र साचा विकतात : आरंभी एक संकट, मध्ये एक साक्षात्कार, शेवटी समाजाला परतफेड करण्याची प्रतिज्ञा. वेगळेपणाचे निबंध एकमेकांसारखे दिसू लागले ते यामुळे. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हेच काम फुकट आणि काही सेकंदांत करून देतात, तेव्हा साचा विकत घेण्यातही अर्थ उरलेला नाही. संस्थांनाही हे ठाऊक आहे. येल, केलॉग, इन्सियाड यांसारख्या संस्था अर्जदाराला कॅमेऱ्यापुढे बसवून ऐनवेळच्या प्रश्नांची उत्तरे मागतात. अनेक संस्था प्रवेश दिल्यावर अर्जातील माहितीची बाहेरच्या यंत्रणेकडून पडताळणी करून घेतात, आणि खोटेपणा आढळल्यास दिलेला प्रवेश काढून घेतात. कर्ज मंजूर झालेले, नोकरीचा राजीनामा दिलेला, अशा वेळी हे पत्र येणे म्हणजे काय, हे त्या घरालाच विचारावे.

मात्र सगळा दोष अर्जदारांच्या पदरी टाकणे अन्यायाचे होईल. या प्रश्नातच एक सक्ती दडलेली आहे. ज्याच्या आयुष्यात दुःख आहे त्याने ते मांडावे, अशी अपेक्षा न बोलता केली जाते. आजीचे अकाली वैधव्य, वडिलांचे व्यसन, जातीमुळे झालेला अपमान, घरातील मतिमंद भावंड. वीस-पंचवीस वर्षांच्या मुलाला ही सारी आपली भांडवली मालमत्ता असल्याचे सुचवले जाते आणि तो ती अनोळखी समितीपुढे मांडतो. श्रीमंत घरातील मुलाला असे काही उघडे करावे लागत नाही. त्याचे वेगळेपण उन्हाळ्याच्या सुटीतील परदेशी उमेदवारीतून आलेले असते. शिवाय ज्या संस्था निबंधातून विविधता मागतात त्यांचेच शुल्क असे आहे, की बहुतेक विविधता फाटकापाशीच थबकावी. शिष्यवृत्त्या आहेत, हे खरे. पण त्या मिळतील की नाही हे कळण्याआधीच अर्जाचे, परीक्षेचे आणि सल्ल्याचे पैसे गेलेले असतात. तेव्हा घरातील एखादी गोष्ट समितीला न सांगण्याचा अधिकार अर्जदाराने निःसंकोच वापरावा. ज्या व्यक्तीची ती गोष्ट आहे तिला विचारल्याविना तर ती मुळीच लिहू नये. आजीच्या वैधव्यावर पहिला हक्क आजीचा आहे.

आपल्याकडे चित्र निराळे आहे. भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ‘कॅट’ परीक्षेचे गुण, पूर्वीचे शैक्षणिक यश आणि मुलाखत यांवर भिस्त असते. विविधता तेथे निबंधात लिहावी लागत नाही. अनेक संस्थांत ती गुणांच्या तक्त्यात मोजली जाते. अभियांत्रिकीखेरीज इतर शाखांच्या पदवीधरांना आणि स्त्रियांना काही गुण अधिक मिळतात. कोझिकोडच्या संस्थेत २०१३ साली अशा बदलामुळे निम्म्याहून अधिक विद्यार्थी स्त्रिया होत्या, आणि देशभर त्याची चर्चा झाली. आरक्षण हा घटनेने दिलेला स्वतंत्र अधिकार आहे, तो यात मिसळू नये. तक्त्याची पद्धत रूक्ष खरी, पण तिच्यात कोणाला आपले दुःख सजवावे लागत नाही, हा तिचा मोठा गुण. अनुभवी नोकरदारांसाठी असलेल्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमांत, तसेच हैदराबाद व मोहाली येथील इंडियन स्कूल ऑफ बिझनेसमध्ये निबंध असतातच. तेव्हा जबलपूर-नागपूरच्या मुलांना हा घाट चढावाच लागतो.

बँकेच्या शाखेत या साऱ्याची दुसरी बाजू दिसते. इंडियन बँक्स असोसिएशनने २००१ मध्ये आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आखली, तेव्हापासून असे अर्जदार आणि त्यांचे पालक कर्जविभागाच्या टेबलापुढे बसत आले आहेत. अधिकारी विचारतो : हाच अभ्यासक्रम का? हाच देश का? चालू नोकरी सोडून दोन वर्षे घालवण्याइतके तेथे काय आहे? परत आल्यावर किंवा तेथेच राहिल्यावर हप्ता कशातून फेडणार? मुलगा उत्तरे देतो. त्यात कसलीही सजावट नसते. वडिलांच्या कारखान्याचे काय झाले ते येते, स्वतःच्या पगाराचा आकडा येतो, पुण्याच्या कंपनीत कोठे कुचंबणा झाली ते येते, परत येऊन काय उभारावयाचे आहे तेही येते. वडील मध्येच एखादी तारीख दुरुस्त करतात, आई एखादी अतिशयोक्ती खोडून काढते. निबंध अद्याप पाठवलेला नसेल, तर अधिकाऱ्याने त्या मुलाला एक कोरा कागद द्यावा आणि आत्ता जे सांगितले ते घरी जाण्यापूर्वी समोरच्या बाकावर बसून उतरवून काढावयास सांगावे.